बारा व्होल्ट

"तिंगीपायाच्या फ्लोरेन्सियाला निरोप:
तुझा भाऊ गुरुवारी—"
आणि पडदा निळा.
सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं.
पोतोसीत, चार हजार मीटरवर,
इतक्या सकाळी आभाळही तेवढं निळं नसतं.

तिसऱ्या आठवड्यात त्यांनी मला बोलावलं.
खाणकामगारांचा रेडिओ: एक खोली, दोन माइक,
भिंतींना चिकटवलेले अंड्यांचे ट्रे
आणि टेबलाखाली तो,
ज्याच्यावर सगळ्यांचा संशय.

म्हातारा इलारिओन म्हणाला, व्हायरस.
सातुर्निनाबाई म्हणाल्या, उंची.
इथे माणसांना धाप लागते, त्याला का नाही लागणार?
अगदीच खोटं नव्हतं. हवा विरळ,
पंखा गरगरतो आणि हाती फारसं काही लागत नाही.

झाकण उघडलं.
आत कार्निव्हलच्या मंगळवारचे गुलाबी कपटे,
कोकाचं एक पान,
दारूचे वाळलेले थेंब.
"पूजा केली होती," इलारिओन ओशाळला,
"ड्रिलची करतो, ट्रकची करतो,
याला एकट्याला कशाला वगळायचं?"
चिमट्याने एकेक कपटा काढला.
पान त्याच्या तळहातावर ठेवलं.
दुसऱ्या दिवशी सहा वाजून चौदा मिनिटांनी निळा.
चार मिनिटं कमावली.

मग मेमरी.
एक पट्टी काढ, एक ठेव,
ठेवलेली काढ, काढलेली ठेव.
सोनेरी कडा खोडरबराने घासल्या.
रात्रभर तपासणी लावून
खुर्चीतच पोंचो ओढून झोपले.
पहाटे पडद्यावर: चुका शून्य.
तरी पट्टी बदललीच, माझ्या पैशाने.
चोर सोडून संन्याशाला सुळी.

पॉवर सप्लाय तर पहिल्याच दिवशी मोजला होता.
बारा पूर्णांक एक. चोख.
त्याच्याकडे पुन्हा वळून पाहिलं नाही.

सापडलं ते निरोपांच्या वहीत.
सातुर्निनाबाई समासात वेळ टिपायच्या,
यंत्र कोणत्या शब्दावर मेलं तेही.
"बाळ झालं, मुल—"
"पैसे पाठवले आहेत, पण—"
उरलेलं त्या वहीतून वाचून दाखवायच्या,
तोवर ट्रान्झिस्टरवर नुसती खरखर, आणि डोंगरापलीकडे
कुणाचा तरी जीव टांगणीला.
वेळा वेगवेगळ्या. एक गोष्ट तीच:
निरोप सुरू झाले की रेकॉर्डिंग सुरू,
दुसरी डिस्क जागी, सगळंच एकदम कामाला.

या वेळी मीटर लावून ठेवला
आणि त्याला राबवलं.
बारा पूर्णांक एक.
अकरा पूर्णांक आठ.
अकरा पूर्णांक दोन.
मी श्वास धरून.
दहा पूर्णांक नऊ, आणि निळा.

रिकामपणी सगळेच बारा देतात.

प्लग काढून, पुरेसा वेळ जाऊ देऊन
डबा उघडला. तीन कपॅसिटर, टोपणं फुगलेली,
एकाच्या डोक्यावर तपकिरी खपली.
किती महिने उसन्या अवसानावर काढले असतील!

बंद पडलेल्या एका सायबर कॅफेतून
नव्वद बोलिव्हियानोला दुसरा मिळाला.
तो आणायला इलारिओन माझ्याबरोबर आला.
खुर्चीत बसला की तासभर बोलतो हा माणूस,
खणखणीत, शब्द न गाळता.
बाजाराच्या जिन्याला तिसऱ्या पायरीवर थांबला,
दुकानांच्या पाट्या वाचत असल्यासारखा.
सव्वीस वर्षं खाणीत होता.
मीही पाट्या वाचल्या.

शुक्रवारी सहा दहा झाले. सहा चौदा.
सहा चाळीसला सातुर्निनाबाईंनी
वहीची मागची पानं उलटली
आणि तुटलेले निरोप पहिल्यापासून वाचायला घेतले.
"तिंगीपायाच्या फ्लोरेन्सियाला:
तुझा भाऊ गुरुवारी येतोय, मीठ घेऊन."
तो गुरुवार कधीच गेला होता.
भाऊ येऊन, जेवून, परतही गेला असेल.
मी तसं खुणेने सांगितलं.
त्यांनी मान हलवली, माइक जरा जवळ ओढला,
आणि "मीठ घेऊन" पुन्हा एकदा म्हणाल्या.